मन ग्वाही देतं, पण कुठलं मन?

मागच्या अंकात मी "आतून वाटणं" या विषयावर जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं आणि त्यावर इतकी पत्रं आलीयेत की माझं टेबल दिसेनासं झालंय. बहुतेकांचं म्हणणं फिरून फिरून एकच, की ताई, मनाचं ऐका म्हणणं सोपं आहे पण मन एका वेळी चार गोष्टी बोलतं, त्यातलं कुठलं ऐकायचं? प्रश्न रास्त आहे, आणि मला त्याचं एका ओळीत उत्तर येत नाही हे आधीच कबूल करते. काही पत्रं निवडलीयेत, थोडी छाटलीयेत, नावं सगळ्यांची काढलीयेत.

प्रश्न: सहा महिने झाले, रोज सकाळी न चुकता वीस मिनिटं ध्यानाला बसतोय. सगळे म्हणतात शांत बसलं की आतला आवाज ऐकू येतो. मला अजून काहीही ऐकू आलेलं नाही, फक्त विचार, विचार आणि पायाला मुंग्या. माझंच काही चुकतंय का?

नाही हो, तुमचं नाही, त्या "आवाज" शब्दाचं चुकतंय. आवाज म्हटलं की आपण कान टवकारून बसतो, कोणीतरी स्पष्ट वाक्य बोलेल म्हणून, आणि मग काहीच आलं नाही की वाटतं आपल्यालाच रेंज नाही. खरोखर आवाज ऐकल्याचं सांगणारी माणसं झाली आहेत, गांधीजींनी १९३३ च्या २१ दिवसांच्या उपवासाबद्दल तसं लिहिलंय, ग्रीक तत्त्वज्ञ सॉक्रेटिसनेही स्वतःवरच्या खटल्यात उभं राहून सांगितलं की लहानपणापासून त्याला एक खूण मिळते. पण गंमत बघा, सॉक्रेटिसची ती खूण त्याला कधीच "हे कर" म्हणायची नाही, फक्त "हे नको" म्हणून अडवायची. मला हे फार पटतं, कारण माझाही अनुभव असाच आहे, आतून येतं ते बहुतेक वेळा एक अडखळणं असतं, पूर्ण वाक्य नसतं.

एक साधी गोष्ट आठवून बघा. मित्राचे वडील गेलेत, तुम्हाला त्याला मेसेज करायचाय. तुम्ही "फार वाईट वाटलं" टाइप करता, बघता, खोडता. "धीर धर" लिहिता, छे, हे तर सगळेच म्हणत असतील, तेही खोडता. "काही लागलं तर सांग" लिहिता आणि अंगठा सेंडवर जाऊन थांबतो. मग बराच वेळ नुसता कर्सर लुकलुकत बसतो आणि अचानक आठवतं की त्याचे वडील तुम्हाला नेहमी चुकीच्या नावाने हाक मारायचे, आणि तुम्ही तेवढंच लिहिता, आणि छातीतलं काहीतरी सैल होतं. आता मला सांगा, आधीचे तीन मेसेज "हे नाही" असं तुम्हाला कोण सांगत होतं? व्याकरण तर बरोबर होतं. कानात कोणी बोललं नाही. पण काहीतरी ठामपणे नाही म्हणत होतं आणि बरोबर ओळ आली तेव्हा त्यानेच हां म्हटलं.

हेच ते. शिकागो विद्यापीठात यूजीन जेंडलिन नावाचे एक तत्त्वज्ञ होते, कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञासोबत काम करायचे. समुपदेशनाच्या टेप ऐकून ऐकून त्यांच्या लक्षात आलं की ज्यांना खरोखर फरक पडतो ती माणसं बोलताना मध्येच अडखळतात, "राग नाही... म्हणजे राग आहे पण... कसं सांगू" असं म्हणत आत चाचपडतात, आणि ज्यांची गाडी घडाघडा बोलत सुटते त्यांना फारसा फायदा होत नाही. त्यावरून त्यांनी "फोकसिंग" नावाची पद्धत बसवली, १९७८ मध्ये त्याच नावाचं पुस्तकही आलं. त्यात मोठं काही कर्मकांड नाही. बसायचं, एकच गोष्ट मनात आणायची, आणि घसा, छाती, पोट या पट्ट्यात काय होतंय ते बघायचं. मग त्याला एक शब्द द्यायचा, "जड"? नाही. "अडकलेलं"? जवळपास. "कोपऱ्यात ढकलल्यासारखं"? हां! तो "हां" आला की शरीर स्वतःच एक श्वास सोडतं, तुम्हाला सोडावा लागत नाही.

तर वीस मिनिटांपैकी पंधरा तुमचं नेहमीचं ध्यान करा आणि शेवटची पाच हे चाचपडणं करून बघा. आणि मुंग्या येत असतील तर खुर्चीवर बसा, त्यात काही कमीपणा नाही.

प्रश्न: वय ३६. अकरा वर्षांची चांगली नोकरी आहे. गेले वर्षभर आतून वाटतंय की सोडावी आणि स्वतःचं काहीतरी सुरू करावं. डोकं म्हणतं वेडेपणा आहे, हृदय म्हणतं उडी मार. सगळीकडे वाचतो की हृदय कधी खोटं बोलत नाही. मग?

"हृदय कधी खोटं बोलत नाही" हे वाक्य ज्याने कोणी पहिल्यांदा लिहिलं त्याला मला एकदा भेटायचंय. हृदय खोटं बोलत नसेलही, पण अंदाज चुकवतं, आणि चांगले दणकून चुकवतं.

यात एक फार उपयोगी भांडण झालंय. डॅनियल काहनेमन हे मानसशास्त्रज्ञ, त्यांना नोबेल मिळालं, आयुष्यभर सांगत आले की माणसाचे तडकाफडकी अंदाज कसे फसतात. आणि दुसरीकडे गॅरी क्लाइन, त्यांनी आगीच्या बंबावरच्या अधिकाऱ्यांचा अभ्यास केला, जे जळत्या इमारतीत एका क्षणात योग्य निर्णय घेतात आणि नंतर विचारलं तर म्हणतात, कळलं आपलं. दोघांचं म्हणणं उलटसुलट, म्हणून दोघांनी बसून एकत्र काम केलं आणि २००९ मध्ये एक लेख लिहिला. गंमत म्हणजे दोघांचं जवळपास एकमत झालं. आतला कौल विश्वासाचा कधी? तर परिस्थितीत काही ठरावीक नियमितपणा असेल, तुम्ही ती पुष्कळ वेळा अनुभवली असेल आणि बरोबर-चूक लवकर कळत असेल तेव्हा. आणि तुमची खात्री किती पक्की आहे यावरून काहीही ठरत नाही, चुकीचा माणूसही तितक्याच खात्रीने बोलतो.

आता तुमच्याकडे बघू. तुमच्या कामातल्या गोष्टींबद्दल, म्हणजे हा क्लायंट पैसे बुडवणार, हा माणूस टीममध्ये टिकणार नाही, असं आतून वाटलं तर अकरा वर्षांचा सराव आहे, ऐका. पण धंदा तुम्ही किती वेळा सुरू केलाय? शून्य. त्यामुळे "धंदा चालेल" असं हृदय म्हणत असेल तर त्याला त्यातलं कळत नाही, ते शांतपणे वहीत आकडे मांडूनच बघावं लागेल. मात्र "मला आता इथे जगल्यासारखं वाटत नाही" असं ते म्हणत असेल तर त्या विषयात त्याच्याइतका जाणकार दुसरा कोणी नाही. दोन वेगळे प्रश्न आहेत आणि तुम्ही दोन्ही एकाच हृदयाला विचारताय, गडबड तिथे आहे.

दुसऱ्या प्रश्नासाठी एक जुनी युक्ती सांगते, ती मला अजूनही सगळ्यात भरवशाची वाटते. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत इग्नेशियस नावाच्या एका स्पॅनिश सरदाराच्या पायाला तोफगोळा लागला. महिनोन्‌महिने अंथरुणावर. वाचायला शौर्यकथा हव्या होत्या, मिळाली संतचरित्रं. मग पडल्या पडल्या तो दोन प्रकारची दिवास्वप्नं बघायचा, एक म्हणजे पुन्हा घोड्यावर बसून एखाद्या मोठ्या घरच्या बाईला जिंकणं आणि दुसरं त्या संतांसारखं जगणं. दोन्ही बघताना सारखीच मजा यायची. पण त्याच्या लक्षात आलं की पहिलं स्वप्न संपलं की नंतर कोरडं कोरडं वाटतं, आणि दुसरं संपल्यावरही समाधान टिकून राहतं. बस, एवढंच निरीक्षण, आणि त्यातून पुढे त्याने निर्णय घेण्याची आख्खी साधना उभी केली. म्हणजे स्वप्न बघताना काय वाटतं ते सोडा, बघून झाल्यावर मागे काय उरतं ते बघा.

तुम्ही असं करा. तीन दिवस मनातल्या मनात "मी नोकरी सोडलीये" असं धरून चाला, कोणाला सांगू नका, नेहमीसारखं काम करा. रात्री झोपण्याआधी तीन ओळी लिहा, फक्त मागे काय उरलं ते. मग दोन दिवस काही नाही. मग तीन दिवस "मी इथेच राहणार, ठरलं" असं धरून. पुन्हा तीन ओळी. हे दोन-तीन वेळा करा आणि मग वही एकदम वाचा. आणि त्याच इग्नेशियसचा एक नियम भिंतीवर लावून ठेवा, मन खचलेलं असताना आधीचा निर्णय बदलायचा नाही. बॉसने झापलं त्या रात्री राजीनामा टाइप करायचा नाही, हे त्याचं आजच्या भाषेतलं रूप.

प्रश्न: हृदयात ४०,००० न्यूरॉन असतात, त्याला स्वतःचा मेंदू असतो हे सिद्ध झालंय. मग हृदय विचार करतं असं म्हणायला काय हरकत आहे?

हरकत आहे, थोडीशी. हृदयात स्वतःचं न्यूरॉनचं, म्हणजे मज्जापेशींचं, जाळं असतं हे खरं आहे, अँड्र्यू आर्मर या संशोधकाने १९९१ च्या सुमारास त्याला "हृदयातला छोटा मेंदू" म्हटलं आणि तिथून ते नाव पसरलं. आकडाही साधारण तोच सांगतात. पण ते जाळं ठोके कसे पडावेत, वेग किती ठेवावा हे सांभाळतं, तुम्ही कोणाशी लग्न करावं यावर त्याचं मत नसतं. हृदयप्रत्यारोपण होतं तेव्हा हृदयाकडे जाणाऱ्या नसा कापल्या जातात, सुरुवातीला तरी ते हृदय मेंदूपासून तुटलेलंच असतं, तरी त्या माणसाला त्याची मुलं पहिल्यासारखीच आवडतात.

पण म्हणून "सगळं डोक्यात असतं" असंही नाही. व्हेगस नावाची जी मोठी नस मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाते, तिच्यातले बहुतेक तंतू, सुमारे ८० टक्के, खालून वर निरोप नेणारे असतात. शरीर सतत काहीतरी कळवत असतं आणि आपण वाचत नाही. मेंदूचा अभ्यास करणारे अँटोनियो दमासिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा पत्त्यांच्या चार गड्ड्यांचा एक प्रयोग आहे, १९९७ चा, त्यात दोन गड्ड्या दिसायला फायद्याच्या पण शेवटी बुडवणाऱ्या होत्या. साधारण दहा पत्ते उलटल्यावरच खेळणाऱ्यांच्या तळहाताला वाईट गड्डीकडे हात जाताना बारीक घाम यायला लागला, आणि "या गड्ड्यांत काहीतरी गडबड आहे" असं तोंडाने म्हणायला पन्नासच्या आसपास पत्ते जावे लागले. पुढे २००४ मध्ये दुसऱ्यांनी दाखवलं की लोकांना नीट खोदून विचारलं तर त्यांना आधीच बरंच कळलेलं असतं, म्हणजे शरीर एवढं काही पुढे नसतं. वाद चालू आहे. पण हाताला घाम आला होता हे तर खरंच ना.

आणि अजून एक, जरा आपला अहंकार उतरवणारं. डोळे मिटून, नाडीला हात न लावता स्वतःचे ठोके मोजायला सांगतात, १९८१ पासून ही चाचणी वापरात आहे. वर्षानुवर्षं ध्यान करणारे यात पुढे असतील असं वाटेल की नाही? २००८ मध्ये तपासलं, तर ते इतरांपेक्षा काही सरस ठरले नाहीत. फक्त त्यांना चाचणी सोपी वाटली!

राहता राहिला शब्द. आपल्याकडे जुन्या लोकांनी "हृदय" म्हटलं तेव्हा त्यांना रक्त ढकलणारा पंप म्हणायचाच नव्हता. छांदोग्य उपनिषदात हृदयाच्या कमळात एक इवलंसं आकाश आहे असं सांगितलंय आणि पुढे म्हटलंय की बाहेर जेवढं आकाश तेवढंच हे आतलं. रमण महर्षी तर सांगायचे की आध्यात्मिक हृदय छातीच्या उजव्या बाजूला असतं, म्हणजे घोळच मिटला. तुम्ही उगाच त्या न्यूरॉनची साक्ष काढून उपनिषदाला सर्टिफिकेट देऊ नका, त्याला गरज नाही.

प्रश्न: ताई, मी २३ वर्षांची आहे. ट्रेकच्या ग्रुपमध्ये एकाला भेटले, दोनच वेळा, पण पहिल्याच दिवशी कड्याच्या टोकावर त्याने हात धरून पलीकडे घेतलं तेव्हा छाती अशी धडधडली की आतून कळलं, हाच तो. मी रोज हार्ट चक्र मेडिटेशन करते, तेव्हाही त्याचाच चेहरा येतो. ही साइन आहे ना?

अगं, तो कडा होता! छाती कोणाचीही धडधडली असती.

रागावू नकोस, तुझ्या पत्रातला तो कडा वाचून मला हसूच फुटलं, कारण डिट्टो असाच एक प्रयोग झालाय. १९७४, कॅनडामधला कॅपिलानो झुलता पूल, खाली खोल दरी, पूल हलतोय. पुलावरून येणाऱ्या तरुणांना एक मुलगी थांबवायची, काही प्रश्न विचारायची, एक छोटी गोष्ट लिहायला सांगायची आणि आपला फोन नंबर द्यायची. दुसरीकडे एका कमी उंचीच्या भक्कम पुलावरही हेच. हलत्या पुलावरच्या मुलांनी नंतर तिला कितीतरी जास्त फोन केले. धडधड दरीमुळे होती, श्रेय मुलीला गेलं. आपलं शरीर फक्त धडधड कळवतं, का धडधडतंय ते आपण आजूबाजूला बघून लिहितो, आणि समोर जो उभा असेल त्याचं नाव लिहून मोकळे होतो.

ध्यानात चेहरा येतो ते तर येणारच, दिवसभर ज्याचा विचार करतो तेच डोळे मिटल्यावर येतं, मला तर वीजबिल येतं.

आणि हे काही तुझ्या पिढीचं नाही हं. कालिदासाचा दुष्यंत आश्रमात शकुंतलेला बघतो आणि मनातल्या मनात म्हणतो, ही मला लग्नाला योग्यच असणार, कारण माझं मन हिच्याकडे ओढ घेतंय आणि शंकेच्या जागी सज्जनांच्या अंतःकरणाचा कलच प्रमाण असतो. "सतां हि सन्देहपदेषु वस्तुषु प्रमाणमन्तःकरणप्रवृत्तयः". किती भारदस्त वाक्य, लोक भाषणात वापरतात, पण म्हणणारा त्या क्षणी झाडाआडून एका मुलीकडे टक लावून बघत होता हे कोणी सांगत नाही. त्याचा अंदाज बरोबर निघाला म्हणा, पण तोच पुढे शापामुळे तिला साफ विसरला. आणि मनुस्मृतीत धर्म ओळखण्याची चार साधनं सांगितलीयेत, वेद, स्मृती, सज्जनांचं वागणं आणि मग शेवटी "स्वतःच्या मनाला पटणं". ते पुस्तक मला बाकी फारसं झेपत नाही, पण मनाचं मत विचारात घ्यायचं, मात्र रांगेत शेवटी उभं करून, ही गोष्ट मला शहाणपणाची वाटते.

तू आता त्याला कड्याशिवाय भेट. कुठेतरी सपाट जागी, कंटाळवाण्या वेळी, एखाद्या रांगेत तासभर दोघं उभे राहा. घरी येऊन दहा मिनिटं शांत बस आणि बघ, त्याच्यासोबत असताना तुझे खांदे वर होते की खाली? बोलण्याआधी वाक्य तपासत होतीस का? धडधडीपेक्षा या गोष्टी जास्त खरं बोलतात. आणि मग मला पुन्हा लिही, मला खरंच उत्सुकता आहे.

प्रश्न: मला सतत वाटतं की काहीतरी वाईट होणार आहे. छाती आवळते, आणि ध्यानाला बसलं की जास्तच. दोन वेळा खरंच तसं घडलंही. ही इंट्यूशन असेल तर मला ती नको आहे. कशी बंद करू?

सगळ्यात आधी, छाती आवळते हे डॉक्टरांना सांगा. पुढचा परिच्छेद वाचायच्या आधी अपॉइंटमेंट घ्या, मी थांबते. शरीराची तक्रार आहे की नाही हे ईसीजी सांगेल, मी नाही, आणि ध्यान शिकवणारेही नाही.

ते झालं की मग हे वाचा. तुमच्या पत्रात "सतत" हा शब्द चार वेळा आलाय. आतला कौल सतत नसतो. तो एखाद्या ठरावीक गोष्टीबद्दल असतो, येतो, सांगतो आणि गप्प बसतो, तुम्ही ऐकलं नाही तरी आरडाओरडा करत नाही. भीती मात्र बोलतच राहते, एक काळजी मिटली की दुसरी धरते, तिला विषय लागत नाही, श्रोता लागतो. हा फरक सगळ्यांना शंभर टक्के लागू पडेल असं नाही, पण मी इतकी वर्षं पत्रं वाचतेय, बहुतेक वेळा तो असाच दिसतो.

"दोन वेळा खरं झालं" याबद्दल. किती वेळा खरं झालं नाही ते मोजलंय का? नसणार, कारण जे घडत नाही ते कोणी लक्षात ठेवत नाही. एक छोटी वही करा, तसं वाटलं की तारीख, वेळ आणि नेमकं काय होईल असं वाटतंय ते लिहा, आणि महिन्याने समोर बरोबर-चूक करा. वही भरता भरता भीतीचा अर्धा जोर ओसरलेला मी पाहिलाय.

माझीच एक फजिती सांगते. एका ठिकाणी मी नव्याने कामाला लागले होते, तिथल्या एका सहकारी बाईंबद्दल मला पहिल्या मिनिटापासून वाटलं की ही बाई घात करणार. पोटात गोळाच. मी दीड वर्ष तिच्याशी कामापुरतं बोलले आणि माझ्या इंट्यूशनचं मला कोण कौतुक. मग एकदा मीटिंगमध्ये ती बॉलपेन टकटक टकटक उघड-मीट करत बसली होती आणि माझ्या पोटात पुन्हा तो गोळा, आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा गोळ्याकडे नीट बघितलं, पळून न जाता, आणि आठवलं. सातवीत मला वर्गासमोर उभं करून रडेपर्यंत बोलणाऱ्या बाई उत्तराची वाट बघताना अस्संच पेन वाजवायच्या. गोळा खरा होता, फक्त पत्ता चुकीचा होता. बिचारीने माझं कधी काही बिघडवलं नव्हतं. मी नंतर तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मला वाटायचं तुम्हाला माझ्या अंगाचा वास येतो."

आणि ध्यानात भीती वाढत असेल तर डोळे मिटून छातीकडे लक्ष देणं सध्या बंद करा. ज्यांनी आयुष्यात काही भयानक सोसलंय त्यांना शरीराच्या आत उतरणं कधी कधी सोसत नाही, हे आता अनेक शिक्षकांनाही कळलंय. डोळे उघडे ठेवा, चालत करा, पावलाला लागणारी जमीन, खोलीतले पाच आवाज, भिंतीचा रंग, एवढंच. आणि मनोविकारतज्ज्ञ किंवा समुपदेशक यांच्याशी बोला. बंद करायची गोष्ट इंट्यूशन नाहीये, तिच्या नावाने बोलणारी काळजी आहे आणि तिच्यावर चांगले उपचार आहेत.

प्रश्न: जप चांगला की श्वासाचं निरीक्षण? नेमकं एक सांगा.

जे तुम्ही उद्याही कराल ते. पण तुम्ही नेमकं मागितलंय म्हणून, २००१ मध्ये बर्नार्डी नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी तपासलं होतं की लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि "ओम मणि पद्मे हुम" हा मंत्र म्हणताना काय होतं, तर दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला साधारण सहावर येतो, एरवी आपण बारा ते वीस घेतो. या वेगाला हृदयाची लय आणि श्वास छान जुळतात, श्वास घेताना ठोके थोडे वाढतात आणि सोडताना कमी होतात हे ठळक व्हायला लागतं. म्हणजे जप करा नाहीतर पाच मोजत आत, पाच मोजत बाहेर करा, शरीर एकाच ठिकाणी पोचतं. जबरदस्तीने श्वास ओढू नका, गरगरलं तर थांबा. ज्याला देवाचं नाव जवळचं आहे त्याच्यासाठी जपात अजून काहीतरी आहेच, पण ते मोजायच्या पट्टीत बसत नाही.

प्रश्न: आमचे मार्गदर्शक म्हणतात की साधकाचं अंतर्ज्ञान अजून अशुद्ध असतं, म्हणून निर्णय त्यांनी त्यांच्या अंतर्ज्ञानाने घ्यायचे. घर विकण्याबद्दलही ते सांगतात. मला आतून नाही वाटतं, पण तीच माझी अशुद्धी असेल का?

घर विकू नका.

एवढं लिहून खरं तर थांबायला हवं पण तुमचा शेवटचा प्रश्न मला दोन दिवस छळतोय. असा पेच घातलाय बघा, तुम्हाला पटलं तर ते बरोबर आणि नाही पटलं तर तुम्ही अशुद्ध. ज्या खेळात तुमचं "नाही" मोजलंच जात नाही तिथे अंतर्ज्ञानाचा विषयच संपला, तिथे फक्त आज्ञापालन आहे. चांगला गुरू तुमचं ऐकणं तयार करतो, तुमच्या वतीने ऐकत बसत नाही. सॉक्रेटिसची आठवण आहे ना वरची, पहिली खूण बहुधा "नको" अशीच येते.

एकट्याच्या मनावर भरवसा नसेल तर दुसरा मार्ग आहे. क्वेकर नावाचा एक ख्रिस्ती पंथ आहे, सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये सुरू झाला, त्यांच्या पारंपरिक प्रार्थनेत बहुतेक वेळ नुसतं शांत बसणं असतं. कोणाला मोठा निर्णय घ्यायचा असेल तर ते चार-पाच विश्वासू माणसांना बोलावतात आणि नियम असा, की त्यांनी सल्ला द्यायचा नाही, "माझ्या मेहुण्याचंही असंच झालं होतं" असं सांगायचं नाही, फक्त खरे प्रश्न विचारायचे, ज्यांचं उत्तर विचारणाऱ्याला आधी माहीत नाही. आणि मध्ये मध्ये गप्प बसायचं. तुम्ही हे तुमच्या दोन मैत्रिणींना घेऊन करू शकता, एक संध्याकाळ पुरे. सल्ला न देता तासभर बसणं मैत्रिणींना जड जाईल, पण सांगून बघा.

तुकोबांनी "सत्य असत्यासी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता" म्हटलं, लोक त्यातली ग्वाही घेतात आणि बहुमत विसरतात. बहुमतात मार्गदर्शकही आले, त्यांचे सगळे शिष्यही आले आणि सत्संगात माना डोलावणारे शेजारीही आले. तुमच्या मनाने साक्ष दिलीये, पत्राच्या तिसऱ्या ओळीतच, "मला आतून नाही वाटतं". कागदपत्रं कुठे आहेत? ती आजच तुमच्या ताब्यात घ्या, आणि सही मागायला कोणी आलं तर मैत्रिणींसोबतची ती संध्याकाळ झाल्याशिवाय पेन उचलू नका.

प्रश्न: हे सगळं सकाळी करायचं की रात्री?

झोप लागणार नाही तेव्हा. मला रात्री लागते.